कपाळ राखून आणलेला पाहुणा

नागपूर

मिलनच्या जेठूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते विमानतळाबाहेर आपल्याच बॅगेवर बसून केळं खात होते. डोक्यावर लोकरी टोपी, अंगात जाडजूड कोट. दिवाळी यंदा लवकर आलेली, ऊन अजून चटकत होतं आणि आम्ही दोघं सावलीला उभे होतो. मिलन पाया पडला, म्हणून मीही पडलो. त्यांनी माझ्याकडं बोट दाखवून बंगालीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, हा कोणाचा पोरगा? मी सांगितलं, हा आपल्या घरचा नाई, पण गाडी याचीच आहे."

गाडी माझीच. जुनी घेतलेली, पण माझ्या पगारातून घेतलेली. माझा बाप वडशाच्या धान गिरणीत पोती उचलायचा, आणि आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी कुठंही सांगतो, त्यात लपवायचं काय? मिलनही त्याच्या घरातला पहिलाच. गडचिरोलीच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. त्याच्या गावाला मात्र मी कधी गेलो नव्हतो. मुलचेऱ्याकडं बंगाली लोकांची गावं आहेत, एवढंच मला ठाऊक. आपल्याच जिल्ह्यातली माणसं, पण आपण त्यांना बाजारातच ओळखतो, घरात नाही.

जेठू म्हणजे बापाचा थोरला भाऊ. नाव निताई. साठच्या दशकात मिलनचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून बायको आणि दोन लेकरं घेऊन निघाले. आधी रायपूरजवळच्या माना छावणीत राहिले, मग सरकारनं इथल्या जंगलात जमीन दिली. सगळ्यांत थोरलं लेकरू, म्हणजे निताई, तिकडंच राहिलं, कारण म्हातारा पणजोबा घर सोडायला तयार नव्हता आणि त्याच्याजवळ कोणीतरी हवं होतं. तेव्हा निताई तेरा-चौदा वर्षांचा. पुढं तो जहाजावर कामाला लागला. एकाहत्तरची लढाई पेटली तेव्हा तो दर्यापार कुठल्यातरी बंदरात होता.

लढाईतून पळून आलेल्या लोकांनी इकडं सांगितलं, तुमचं गाव जळालं, तुमच्या घरचं कोणी उरलं नाही. लढाई संपल्यावर निताई गावी परतला, तर त्याला तिथं सांगितलं, तिकडं गेलेले तुझे आईबाप छावणीत हगवणीच्या साथीत गेले. दोन्हीकडच्यांनी ऐकलं आणि खरं मानलं. तो पुन्हा जहाजावर चढला, इंग्लंडातल्या एका बंदरगावी उतरला, तिथंच लग्न केलं, लेक झाली. आजोबा-आजी त्याला पुन्हा न बघताच इथं गेले. गेल्या वर्षी मिलनला मोबाइलवर त्या जुन्या गावाच्या नावाचा एक गट सापडला. त्यानं आजोबांचं नाव टाकलं. खाली एका बाईनं लिहिलं, हे तर माझ्या वडिलांच्या वडिलांचं नाव.

तर असे हे जेठू. आणि त्यांना उद्याच्या दिवसात, भाऊबीजेला, घरी पोचवायचं होतं.

"उद्याच काऊन?" मी विचारलं.

"कारण पिशी," मिलन म्हणाला.

पिशी म्हणजे आत्या. निताईची धाकटी बहीण, कुसुम. बंगाल्यांत भाऊबीजेला भाईफोंटा म्हणतात. बहीण ओवाळत नाही. डाव्या हाताच्या करंगळीनं भावाच्या कपाळावर चंदनाचा ठिपका लावते आणि यमाच्या दारात काटे पडोत असं काहीसं म्हणते. भाऊ परगावी असला तर ठिपका दाराच्या चौकटीवर लावते. प्रेत कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून बारा वर्षं थांबून घरच्यांनी रीतीप्रमाणे गवताचा आणि परसाच्या, म्हणजे पळसाच्या, पानांचा निताई केला, गावाजवळच्या दिना नदीच्या काठावर त्याला जाळला, श्राद्ध घातलं. पिशी तेव्हा तरणीताठी. ती श्राद्धाचं जेवली नाही. आणि त्या वर्षीच्या भाईफोंट्याला तिनं पुन्हा चौकटीवर ठिपका लावला. मेलेल्याला फोंटा देत नाहीत, पाप लागतं, म्हणून सगळे ओरडले. ती म्हणाली, मेला कोण? तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही.

"म्हणून यांचं कपाळ उद्यापर्यंत कोरं ठेवायचं," मिलन म्हणाला. "पहिला टिळा पिशीचा. तिच्या आधी कोणी बोट लावलं तर ती मले घरात घेणार नाई."

वडसा

रात्र आमच्या घरी काढायची ठरली होती. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा दिवस कलला होता. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, लवकर येणारा हलका धान कापून पडलेला, उशिराचा भारी धान अजून उभा. जेठूंनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून वास घेतला. तेवढ्यात टोपी उडाली. ती शोधायला आम्ही बांधीत उतरलो, आणि तिथं माझी नवी चप्पल चिखलात गेली ती परत आली नाही. टोपी सापडली.

वडशात मंडईचे दिवस सुरू होत होते. भाऊबीजेपासून आमच्याकडं गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, रात्रभर नाटकं चालतात, आणि त्या नाटकांच्या कंपन्या सगळ्या वडशाच्या. रिक्षावरचा भोंगा 'आज रात्री, फक्त एकच प्रयोग' असं दरवर्षीसारखं ओरडत होता. जेठूंनी मिलनकरवी विचारलं, हे काय? मी म्हटलं, नाटक. धान घरात आला की लोक नाटक पाहतात. ते म्हणाले, आमच्याकडं धान आला की जात्रा, म्हणजे तिकडची नाटकं, बघायचे, रात्रभर, आणि बाप सकाळी कान धरून शेतात न्यायचा. मी म्हटलं, तो भाग आमच्याकडंही तसाच आहे.

माझ्या मायनं कोट बघून कपाळाला हात लावला.

"बाप्पा! या मानसाले उकडत नाई काऊन? काढा तो, भाऊ, काढा."

जेठूंना शब्द कळला नाही, हुकूम कळला. कोट निघाला.

जेवायला भात, वांग्यात वाळलेले झिंगे आणि वर सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर, पुण्याच्या वाचकानं डाळीची वाटी शोधू नये. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली देव सोडले, त्यामुळं घरात टिळा, आरती काही नाही. पण भाऊबीजेला बहीण येते, जेवते, भांडते, डबा भरून घेऊन जाते. तेवढं आम्ही ठेवलंय. जेठूंनी झिंग्यांचा वास घेतला आणि हात थांबवला. मला वाटलं, आवडलं नाही. ते मिलनला म्हणाले, हे आई करायची. मग तिसऱ्यांदा भात घेतला.

"पाय," माय म्हणाली, म्हणजे पाहा, "इंग्लंडचा म्हनत होता ना तू? मानूस त आपलाच निंगला." मग माझ्याकडं वळली. "उद्या तुही बहीन येऊन राह्यली अन् तू दुसऱ्याच्या बहिनीकडं चाल्ला."

"परवा येतो ना, माय."

"परवा ती काय तुह्यासाठी थांबते? तिले बी घर आहे." असं म्हणून तिनं पिशीसाठी अनारशांचा डबा भरला.

मार्कंडा

सकाळी आरमोरी, गडचिरोली मागं टाकलं. चामोर्शीला चहा घेताना मिलननं दोनदा घसा खाकरला. मला माहीत होतं, काय सांगायचंय ते. घरी पोचायच्या आधी जेठूंना त्यांच्या श्राद्धाचं सांगणं भाग होतं, आणि ते काम त्याच्या बापानं, गौरकाकांनी, फोनवरून मुलावर ढकललं होतं.

मिलननं सांगितलं. खाली मान घालून, भरभर. मला बंगाली येत नाही, पण 'श्राद्ध' शब्द कळला. जेठूंनी उरलेला चहा संपवला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि मिलनला ठसका लागला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मासा कोणता केला होता?"

श्राद्धानंतर त्यांच्याकडं माशाचं जेवण करून सुतक सोडतात. मिलननं तिथूनच बापाला फोन लावून विचारलं. कतला, उत्तर आलं. जेठू नाराज झाले. माझ्यासाठी रोहू मिळाला नाही?

नदी बघायची म्हणाले, म्हणून मार्कंड्याकडं गाडी वळवली. वैनगंगा तिथं उलटी, उत्तरेकडं वळते, आणि काठावर काळ्या दगडांची देवळं. जेठूंनी देवळाकडं फारसं बघितलं नाही. चपला काढून सरळ पाण्यात गेले, पँट गुडघ्यापर्यंत भिजली तरी उभेच.

"हे पाणी कुठं जातं?" त्यांनी विचारलं.

हे मला येत होतं. "प्राणहितेला, तिथून गोदावरीला, मग बंगालच्या उपसागराला."

"आणि तुमची ती दिना नदी, जिथं मला जाळलं?"

"तीही प्राणहितेलाच."

त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि सोडलं. "म्हणजे माझी राख माझ्याआधी गावी पोचली," मिलननं मला सांगितलं ते असं. बोलून ते हसले, पण पाण्यातून बाहेर यायला त्यांनी वेळ घेतला.

आम्ही पायऱ्या चढून आलो तर फुलं विकणारी एक बाई चंदनाची वाटी घेऊन पुढं झाली. पाहुणा परदेशी, टोपीवाला. तिनं अर्धा हात पुढं केला होता.

"बाई, नोको!" मिलन ओरडला. "कपाळाले हात नोको लावू त्याइच्या!"

बाई दचकली. "काऊन रे बाबा? देवाचा आहे, काही जहर नाई."

"त्याइची बहीन रागावते."

"किती वर्साची आहे बहीन?"

"सत्तरीची."

बाईनं वाटी मागं घेतली. "मग बराबर आहे. सत्तरीच्या बायकांले लई राग असते," म्हणाली आणि ठिपका माझ्या कपाळावर लावून मोकळी झाली. आजोबांनी देव सोडले, पण माझ्या कपाळाचं तिला कोण सांगणार! मी पुसला नाही. घामानं आपोआप गेला.

मुलचेऱ्याच्या वाटेवर

आष्टीच्या अलीकडं लोहखनिजाचे ट्रक एकामागं एक उभे. पुढं एक कलंडला होता. आम्ही त्या रांगेत अडकलो ते अडकलोच. लाल धूळ गाडीत, डोळ्यांत, अनारशांच्या डब्यावरसुद्धा. फोंटा दिल्याशिवाय बहीण जेवत नाही, हे मिलननं सांगितलेलं, त्यामुळं मी सारखा उन्हाकडं बघत होतो.

"पिशी उपाशी असेल ना?"

"नाई. तिले सांगितलंच नाई की जेठू येतात."

मी स्टिअरिंग सोडून त्याच्याकडं बघितलं. गाडी उभीच होती म्हणून बरं.

मागं एकदा असंच झालं होतं. मिलन लहान असताना कोणीतरी येऊन सांगितलं की तुमच्या निताईला बंदरात पाहिलंय. पिशी दोन दिवस पाणी न पिता दारात बसली आणि शेवटी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. आता तिला साखरेचा आजार. म्हणून गौरकाकांनी ठरवलं, भाऊ दारात उभा राहीपर्यंत तिला काही सांगायचं नाही. म्हणजे ती उपाशी राहणार नाही, आणि विमान चुकलंच तर तुटणार नाही.

ऐकायला शहाणपणाचं होतं. पण तेवढ्यात काकांचा फोन आला आणि मिलनचा चेहरा पडला. पिशीनं सकाळीच अंघोळ करून गौरकाकांच्या कपाळाला फोंटा दिला होता. त्यांच्याआधी, थोरला म्हणून, चौकटीला. आणि मुडी, म्हणजे त्यांचे मुरमुरे, खाऊन ती कामाला लागली होती.

"मग काय झालं? पुन्हा लावेल," मी म्हटलं.

"तू तिले ओळखत नाई. एका भावाले वर्षातून एकच फोंटा. त्याचा देऊन झाला."

मागच्या सीटवर जेठू टोपीनं कपाळावरची धूळ पुसत होते. दर्यापारहून आणलेलं ते कपाळ आम्ही मार्कंड्याच्या बाईपासून वाचवलं, आणि इकडं घरच्यांनीच घात केला होता. मिलननं त्यांना हे सांगितलं नाही.

पिशीचं अंगण

ट्रक हलले तेव्हा दुपार उलटली होती. जंगल संपलं की अचानक ते गाव लागतं. सरळ रेघेतले रस्ते, घरामागं पोखर, म्हणजे छोटं तळं, केळी, आणि सागाच्या रानात जपून वाढवलेली दोन-चार नारळाची झाडं. धान आमच्यासारखाच, पण हे लोक तो उकडून वाळवतात. गावभर त्या उकडलेल्या धानाचा उबदार वास.

घर नवं, सिमेंटचं, निळा रंग दिलेलं. दार मात्र जुनं. सागवानाची काळी पडलेली चौकट. मातीचं घर पाडताना पिशीनं ती मोडू दिली नव्हती. गवंडी म्हणाला होता, माप जुळत नाही, तर म्हणाली होती, भिंत कमी कर.

गौरकाका फाटकात उभे होते. साठी ओलांडलेला माणूस, पण थोरल्या भावाला बघून त्यांचे हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना. ते पाया पडले आणि उठलेच नाहीत. जेठूंनीच त्यांना बखोटीला धरून उठवलं.

अंगणात एक बारीक बाई पायानं धान पसरत होती. तिनं वर बघितलं. पाय थांबले. ती जेठूंकडं बघत राहिली, आणि मग, एवढी बंगाली येणारी बाई, जन्माची बंगाली, तिनं आमच्या झाडीपट्टीच्या मराठीत विचारलं,

"कोन पायजे?"

जेठू मिलनकडं बघू लागले. त्यांना शब्द कळला नव्हता.

"पिशी," मिलन म्हणाला, "हे..."

"मले दिसते. मी आंधळी नाई." ती माझ्याकडं वळली. का कोण जाणे, मलाच म्हणाली, "तू मराठी ना? मग याले इचार, एवढा उशीर काऊन केला?"

मी मिलनला मराठीतून सांगितलं, मिलननं जेठूंना बंगालीतून. सख्ख्या बहीणभावाचं बोलणं दोन पोरांच्या तोंडून फिरत होतं. जेठू म्हणाले, रस्त्यात ट्रक होते. ते ऐकून गौरकाका रडता रडता हसले.

"ट्रक!" पिशी म्हणाली. "साठ वर्सं ट्रक होते काय? बाजारात भाजी इकून मी या लोकाइची बोली शिकली. बुढी झाली. अन् हा आज येऊन राह्यला, फोंटा झाल्यावर. सांग त्याले, तुहा फोंटा सकाळीच देला. आता पुढच्या साली."

मिलननं आता सांगितलं. सगळं, कपाळ राखलं तेही, सकाळी काय झालं तेही. जेठूंनी ऐकून घेतलं. मग पहिल्यांदा सरळ तिला, बंगालीत विचारलं, "कुठं दिलास?"

तिनं हनुवटीनं दाराकडं दाखवलं.

ते चौकटीजवळ गेले. मीही मागं गेलो. लाकडावर एकाच जागी चंदनाचा थर जमला होता, रुपयापेक्षा मोठा आणि बोटभर जाड, कडेनं पिवळट, मध्ये आजचा ताजा ठिपका, वाळून भेगाळलेला. आणि तो थर माझ्या छातीपाशी होता. मला आधी समजलं नाही, इतक्या खाली का. मग समजलं. निघताना तिनं ज्याला शेवटचं पाहिलं तो तेरा-चौदा वर्षांचा होता. त्याचं कपाळ तेवढ्याच उंचीवर होतं.

जेठूंनाही समजलं असावं. त्यांनी टोपी काढली. गुडघे दुखत असतानाही चौकटीला धरून खाली वाकले, एक गुडघा उंबऱ्यावर टेकला, आणि कपाळ त्या थराला लावलं. चंदन सुकलेलं. कपाळावर काहीच उमटलं नाही. ते तसेच टेकून राहिले, वाट बघत.

पिशी धान तुडवत आली. कमरेचा पदर सोडून तिनं दारातल्या तांब्याच्या पाण्यात डावी करंगळी बुडवली, त्यांचं डोकं दुसऱ्या हातानं बाजूला सारलं आणि लाकडावरचा सकाळचा ठिपका ओला केला.

"हा सकाळचाच आहे," ती आम्हा सगळ्यांना बजावून म्हणाली. "नवा नाई."

मग तिनं त्यांचं डोकं धरून परत लाकडावर दाबलं. ओठ हलत होते. यमाच्या दारातले काटे असावेत. डोकं सोडलं तेव्हा जेठूंच्या कपाळावर मधोमध, थोडा फिसकटलेला, चंदनाचा ठिपका होता. त्यानंतर ती जे बोलायला लागली ते बंगालीत, आणि थांबेचना. मिलनला मी अर्थ विचारला नाही. मी अनारशांचा डबा धूळ पुसून गौरकाकांच्या हातात दिला.

रात्री पुऱ्यांसारख्या पांढऱ्या लुच्या, नारळाचे लाडू, आणि पोखरातला मासा. रोहू. गौरकाकांनी दुपारीच जाळं टाकलं होतं.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडशाला निघालो. बहीण अजून थांबली असेल तर, म्हणून घाई. जेठू महिनाभर राहणार होते. गावातल्या पुरोहितांचं म्हणणं होतं की श्राद्ध झालेल्या माणसाला घरात राहायचं तर बाळासारखे संस्कार करून नव्यानं जन्माला यावं लागतं. यावर जेठूंनी विचारलं होतं, त्याचं जेवण असतं का? पुढच्या दिवाळीला लेकीला घेऊन यायचंही त्यांनी कबूल केलं होतं.

गाडीत बसण्याआधी पिशीचा निरोप घ्यायला गेलो तर ती चुलीतला कोळसा घेऊन दारात उभी, आणि जेठू चौकटीला पाठ लावून, टाचा जोडून. गौरकाका बाजूला उभे राहून सूचना करत होते.

"दीदी, टोपी काढायला सांग."

"टोपी काढ," पिशीनं मराठीतच सांगितलं. जेठूंनी काढली. एका दिवसात तेवढं त्यांना कळायला लागलं होतं.

तिनं टाचा उंचावल्या, त्यांच्या कपाळाच्या रेषेत लाकडावर कोळशाची आडवी खूण ओढली. जेठू बाजूला झाले. जुना थर आणि नवी खूण यांच्यात हातभर अंतर होतं. पिशी जरा मागं सरकून ते अंतर बघत राहिली. कोळशाचा हात लुगड्याला पुसला. मग माझ्याकडं वळून, माझ्या मायच्या तोंडात शोभेल अशा स्वरात म्हणाली,

"पाय बापा. किती वाढला पोट्टा."